सोळा पानांची सावली

मुलांची नाकं पुसता पुसता आमची आई प्रकाशक झाली, असं बाईंची लेक चारचौघांत सांगायची. लोक हसायचे, बाईही हसायच्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

अर्धं आयुष्य त्यांचं बालवर्गात गेलं. एक लांबोडकी खोली, गुडघ्याएवढी बाकं, खुंट्यांना लटकलेल्या इवल्या पिशव्या, आणि पोरं. बोलकी, घुमी, चावरी, सारखी बिलगणारी. ही पोरं पुस्तक हातात घेत आणि टाकून देत. बाईंच्या हळूहळू लक्षात आलं, की पुस्तकांतली मुलं भलतीच शहाणी आहेत. त्यांचे दात पडत नाहीत, गुडघे फुटत नाहीत, त्यांना धाकटा भाऊ नकोसा होत नाही. मग बाईंनी आपणच कागद दुमडले, सुईदोऱ्याने टाचले आणि पडलेल्या दाताचं एक पुस्तक केलं. पोरांनी ते इतकं हाताळलं, इतकं चाटलं, की त्याचे कोपरे विरघळून गेले. पुस्तकाचा याहून मोठा सन्मान बाईंना पुढे कधी ठाऊक झाला नाही.

असली टाचलेली पुस्तकं घेऊन त्या मोठ्या प्रकाशकांकडे गेल्या. “शब्द फारच थोडे आहेत हो,” एकाने सांगितलं. “एवढ्याशा शब्दांना लोक पैसे कसे देतील?” बाई घरी आल्या, बाहेरच्या खोलीतली कॉट आत ढकलली, टेबल मांडलं आणि दारावर पाटी लावली. शाळा सुटली तशी प्रकाशन संस्था सुरू झाली. मालक त्या, शिपाई त्या, आणि गठ्ठ्यांवर पत्ते चिकटवणाऱ्याही त्याच.

त्यांचा एक नेम होता. पुस्तक छापायच्या आधी त्याची कच्ची प्रत घेऊन त्या आपल्या जुन्या बालवर्गात जायच्या. जमिनीवर बसायचं, प्रत धरायची आणि पुस्तकाकडे न बघता पोरांकडे बघायचं. बोट जिथे थबकलं ते चित्र ठेवायचं. ढुंगणं जिथे सरकायला लागली ते पान काढायचं. लेखक रुसले, चित्रकार चिडले, तरी हा नेम मोडला नाही.

मोडला तो एकदाच. सावलीच्या पुस्तकासाठी.

सावलीचा खेळ बाईंनीच रचलेला. दुपारी पोरांच्या अंगात वारं शिरायचं. बाकं उलटी व्हायची, केस उपटले जायचे. अशा वेळी बाई खिडक्यांचे पडदे ओढायच्या आणि ओवीच्या चालीवर, अगदी हलक्या आवाजात सुरू करायच्या:

सावलीचं पाऊल वाजत नाही,
सावलीला नाव लागत नाही.
आई मारी हाक, सावली गप्प,
बाई मारी हाक, सावली ठप्प.
बारीक हो बारीक, भिंतीला टेक,
अंधाराच्या मांडीवर तान्ही लेक.

ओळीओळीला पोरं पांगायची. बाकाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या आडोशाला. खोली अशी निवायची, की स्वतःचा श्वास मोठा वाटावा. बाई खोटंखोटं शोधायच्या, एकेकाला नावाने हाक मारायच्या. कुणी ओ द्यायचं नाही. हाकेला गप्प राहणं हाच तर डाव. मग त्या खिडकीशी यायच्या, पडदा सर्रकन बाजूला करायच्या आणि टाळी वाजवून म्हणायच्या:

ऊन आलं दारात, सावली पळाली,
बाईंची पाखरं बाईंना मिळाली.

आणि सगळी पाखरं एकदम त्यांच्या अंगावर. कुणी मांडीत, कुणी पाठीवर, कुणी नुसतंच बोट धरून. इतकी वर्षं, इतक्या दुपारी हा खेळ झाला, आणि एकही सावली कधी मागे राहिली नाही.

“याचं पुस्तक करू या, बाई,” म्हणाला तो चित्रकार. तोही याच वर्गातलं पाखरू. आता दाढी आली होती, पण बाईंसमोर बसताना अजून मांडी घालून बसायचा. त्याने चित्रं केली ती बाईंनी पुन्हा पुन्हा उलटून बघितली. जांभळा, निळा, काजळाचा काळा. पानागणिक एक मूल लहान लहान होत जातं, भिंतीत मुरत जातं. उन्हाच्या पानांआधीच्या जोडपानावर निव्वळ काळोख, आणि त्यात दोन डोळे, मोहरीएवढे.

घोडं अडलं ते फर्म्यावर, पानांच्या हिशेबावर. छापखान्याचे मालक, ज्यांना सगळा बाजार भाऊ म्हणायचा, त्यांनी मोठा ताव टेबलावर पसरला आणि दुमडून दाखवला. “हे बघा, बाई. एका तावाची सोळा पानं. तुमचं पुस्तक भरतंय अठरा. दोन पानांसाठी मी दुसरा ताव लावला, तर अर्ध्याहून जास्त कागद जातो कात्रणात. काय ते बघा, पण दोन पानं घटवा.”

“नावाचं पान काढता येत नाही,” बाई म्हणाल्या. “पहिलं कडवं काढलं तर खेळच सुरू होत नाही.”

“मग शेवटचं काढा,” चित्रकार म्हणाला.

“उन्हाचं?”

“अहो, काळोखाच्या पानानंतर ते ऊन म्हणजे पाणी घातल्यासारखं वाटतंय. इथेच थांबू द्या ना. वाचणारा त्या दोन डोळ्यांकडे बघत राहील.”

“अरे, पण खेळ तिथे संपतो.”

चित्रकार हसून म्हणाला, “खरं सांगू? मला त्या खेळातला अंधारच आठवतो. पडद्यामागचा धुळीचा वास आठवतो. ऊन काही आठवत नाही.”

बालवर्गातल्या बाईंनी हे ऐकलं असतं तर त्यांचे कान टवकारले असते. पण त्या दिवशी खुर्चीत प्रकाशक बसली होती. काळोखाचं ते पान तिला मोहात पाडत होतं, आणि सोळाचा हिशेब चोख बसत होता. आणि पोरांना दाखवून घ्यायचं, तर त्यात काय दाखवायचं? खेळ पोरांचाच, वर्षानुवर्षं मुरलेला. कच्ची प्रत बालवर्गात गेलीच नाही.

पुस्तक हातोहात खपलं. बाईंच्या आजवरच्या कुठल्याही पुस्तकाचं असं झालं नव्हतं. पहिल्यांदा त्या हरखल्या. मग घराघरांतून फोन येऊ लागले.

“काय जादू केलीत हो! आमचं कार्टं घर डोक्यावर घ्यायचं, आता कोपऱ्यात बसून असतं.”

“आमची धाकटी तर अशी गप्प होते, की आहे की नाही कळत नाही. दोन कामं जास्त उरकतात बघा.”

“हाक मारली तरी ओ देत नाही, एवढी रमते!”

बाई “हो का, हो का” म्हणत राहायच्या. फोन ठेवल्यावर मात्र हात जरा वेळ त्याच्यावरच राहायचा. पोरं पुस्तकावर बोलतात, भांडतात, पान फाडतात, हे त्यांना माहीत होतं. पुस्तकाने पोरं गप्प झाली, याची शाबासकी त्यांना कुणी कधी दिली नव्हती. ती घ्यावी कशी, हे त्यांना कळेना. एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीतून मोठी मागणी आली. तिच्या सगळ्या बालवर्गांना सावलीचं पुस्तक हवं होतं. फोनवरचा माणूस खूष होता. “शिस्तीला उत्तम आहे, मॅडम. आमच्या शिक्षिका म्हणतात, एकदा वाचलं की वर्ग चिडीचूप.”

त्याच आठवड्यात जुन्या बालवर्गातली ताई घरी आली. बाईंनंतर वर्ग तीच सांभाळायची. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली, तरी उठेना.

“काय गं? काय पोटात ठेवलंयस?”

“काही नाही हो बाई. तुमचा तो सावलीचा खेळ. आता नीट होत नाही.”

“म्हणजे?”

“यंदाची पोरं घरून पुस्तक वाचून आलेली असतात. लपतात छान. पण मी पडदा उघडून ऊन आलं म्हटलं, तरी चार-दोन जणं बाहेर येतच नाहीत. परवा एकाला कपाटामागून ओढून काढला. हात गार पडले होते. मी म्हटलं, अरे, गाणं संपलं ना? तर मला म्हणतो, ताई, हे आमच्या गाण्यात नाही.”

बाईंच्या हातातली बशी कलंडली. ताईने पटकन चहा पुसून घेतला आणि विषय बदलला. बदलला तरी तो खोलीतून गेला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भाऊंना फोन लावला. शेवटचं कडवं घालायचंय, म्हणाल्या. भाऊंनी सुस्कारा सोडला. “आता? बाई, संस्थेचा माल छापून झालाय. नुसतं कटिंग आणि बांधणी राहिलीय. त्यांची गाडी येऊन उभी राहील. पुढच्या आवृत्तीत घालू की. कडवंच तर आहे एक.”

कडवंच तर आहे एक. बाईही म्हणाल्या, “बरं. पुढच्या आवृत्तीत बघू.” आणि फोन खाली ठेवताना त्यांना उगाचच वाटलं, की आपण कुणाच्या तरी तोंडावर दार ओढून घेतलं.

माल कसा कापला जातोय ते बघायला त्या छापखान्यात गेल्या तेव्हा सोबत लेक होती आणि लेकीची लेक. नात चार वर्षांची. तोंडाला खळ नाही, पायाला विसावा नाही, म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. दुसऱ्या गावी राहायची, सुट्टीला आली होती. बाईंच्या वर्गात ती कधी बसली नव्हती. सावलीचा खेळ तिला माहीत होता तो पुस्तकातूनच, आजीने टपालाने पाठवलेल्या.

“आई, मी पलीकडे चपला दुरुस्त करून येते,” लेक म्हणाली. “ही राहील ना तुझ्यापाशी?”

“राहील की. आम्ही दोघी साहेब आहोत इथल्या.”

“मी मोठी साहेब,” भिंगरीने सांगून टाकलं.

छापखाना म्हणजे पत्र्याखालची लांबलचक शेड. एका अंगाला छपाईची यंत्रं, मध्ये कटिंग मशीन, दुसऱ्या अंगाला बांधलेल्या गठ्ठ्यांच्या भिंती. मशीनचं पातं खाली यायचं, सोळा पानांच्या कडा सरळ व्हायच्या आणि कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या भुरभुर टोपलीत पडायच्या. टोपली भरली की कामगार ती मागच्या हौदात ओतायचा. हौद म्हणजे फळ्यांचा कुंपणवाडा, छातीएवढा उंच, कात्रणाने भरत जाणारा. त्याची खालची एक फळी सरकायची, माल ओढून काढायला. संध्याकाळी रद्दीवाल्याची माणसं यायची, हौदात उतरून ते कात्रण पायांनी तुडवून दाबायची आणि गासड्या बांधायची.

भिंगरीने आल्या आल्या सगळ्यांच्या चौकशा केल्या. मशीनला दात आहेत का, भाऊंच्या मिशा खऱ्या आहेत का. भाऊंनी मिशी ओढून दाखवली. मग ती नव्या पुस्तकाची एक प्रत घेऊन गठ्ठ्यावर बसली आणि मोठमोठ्याने वाचू लागली. वाचता तर येत नव्हतं, पण पानं तोंडपाठ. बाई भाऊंबरोबर टेबलाशी वळल्या. एका पानाचा निळा रंग गढूळ आला होता. भिंग लावून त्या ठिपके बघत होत्या. पाठीमागे नातीचा आवाज चालूच होता. बारीक हो बारीक, भिंतीला टेक.

निळ्याचं बोलणं संपलं. बाईंनी भिंग खाली ठेवलं. मशीनचा खडखडाट तेवढा होता, बाकी काही नाही.

गठ्ठ्यावर पुस्तक उघडं पडलं होतं. शेवटचं जोडपान. काळोख, आणि मोहरीएवढे दोन डोळे.

“भिंगरे?”

कुणी ओ दिली नाही.

“असेल हो इथेच,” भाऊ म्हणाले. “लपली असेल. लेकरांचं काय!” त्यांनी हात तोंडाशी धरून हाक दिली. “ए मोठ्या साहेब! या बाहेर!”

गठ्ठ्यांच्या मागे बघितलं. यंत्रांच्या खाली बघितलं. कागदाच्या रिमा रचलेल्या फळ्यांच्या पोटात बॅटरी मारली. दार उघडं होतं, बाहेर रस्ता होता, रस्त्यावर गाड्या होत्या. दोन कामगार तिकडे धावले. तोवर लेक परत आली. पिशवीत चपला, कपाळावर घाम.

“हे काय, सगळे उभे का? भिंगरी कुठंय?”

बाईंनी गठ्ठ्यावरचं पुस्तक उचलून पुढे केलं, जसं काही ते उत्तरच होतं. लेकीने ते बघितलंही नाही.

“भिंगरी! ए भिंगरी! बाळा, आई आलीय बघ!”

हाक पत्र्यावर आदळून परत आली. मग सगळेच हाका मारू लागले. भिंगरी, ए भिंगरी, खाऊ देते, ये गं राणी, मार मिळेल हं आता! कटिंग मशीनही तसंच खडखडत होतं. कुणाला ते थांबवायचं सुचलं नाही. टोपल्या भरत होत्या, हौदात रित्या होत होत्या. भाऊंनी हौदाच्या काठावरून वाकून बघितलं. पांढरं कात्रण, दुसरं काही नाही.

बाईंनी शेडचं मोठं सरकतं दार दोन्ही हातांनी ढकलून पुरतं उघडलं. ऊन आडवं आत आलं. त्यांनी टाळी वाजवली, आणि म्हटलं:

“ऊन आलं दारात, सावली पळाली…”

कामगार बघत राहिले. म्हातारीचं डोकं फिरलं, असं एकाच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पुढची ओळ बाईंनी म्हटली, पुन्हा म्हटली. ऊन जमिनीवर पसरून राहिलं. कुणी आलं नाही.

आणि मग त्यांना कळलं. हे कडवं तिने ऐकलंच नाहीये. तिच्या खेळात ऊन नाही. तिच्या खेळात आहे ते एवढंच, की आई हाक मारते, सावली गप्प. बाई हाक मारते, सावली ठप्प. आपण सगळे मिळून हाका मारतोय, म्हणजे पान पान उलटतोय. जितकी हाक मोठी, तितकं ते लेकरू आत आत मुरत चाललंय. पुस्तक जसं सांगतं, तसं. आपण सांगितलं, तसं.

“गप्प बसा!” बाई ओरडल्या. असा आवाज त्यांनी बालवर्गातही कधी काढला नव्हता. “कुणी हाक मारू नका. मशीन बंद करा. सगळी मशिनं बंद करा!”

“बाई, अहो पण…”

“बंद करा म्हणते ना, भाऊ!”

बटणं बंद झाली. पातं अर्ध्यावर थांबलं. पंखेसुद्धा बंद झाले. एकच आवाज राहिला, लेकीचा. ती गठ्ठ्यांच्या गल्लीतून नाव घेत फिरत होती. बाईंनी जाऊन तिचे खांदे धरले.

“हाक मारू नकोस.”

“काय बोलतेस तू? माझी पोर आहे ती!”

“म्हणूनच मारू नकोस. तू जितकं बोलावशील, तितकी ती येणार नाही. तो डाव आहे, बाळा. मीच शिकवलाय.”

लेकीने आईकडे बघितलं. त्या बघण्यात जे होतं ते बाई पुढे कधी विसरू शकल्या नाहीत. मग लेकीने आपला ओठ दातांखाली असा धरला, की तिथे रक्ताचा ठिपका आला. ती खाली बसली.

“सगळे बसा,” बाई कुजबुजल्या. “आहात तिथे.”

कामगार बसले. भाऊ बसले. मोठाली माणसं, शाईने काळे झालेले हात मांडीवर ठेवून, पोरांसारखी जमिनीवर बसली. बाईंनी डोळे मिटले. वीस पोरांच्या कलकलाटात आता कोण रडणार आहे हे ज्या कानांना आधी कळायचं, ते कान आता म्हातारे झाले होते. बाहेर एक हॉर्न वाजला. पत्रा उन्हाने तडतडला. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं, आणि एरवी कुणी तरी हसलं असतं.

मग काही नाही. नुसतं काही नाही. ते इतकं लांबलं, की लेकीने तोंडावर हात दाबून धरला.

आणि त्या शांततेच्या तळाशी एक आवाज आला. पाल कागदावरून जावी तसा. एकदा. थांबला. पुन्हा, त्याहून क्षीण.

बाईंनी डोळे उघडले ते हौदाकडेच. त्या धावल्या की कोसळल्या, सांगता येणार नाही. खालची फळी अर्धी सरकलेली होती, एखादं लेकरू आडवं होऊन आत शिरेल एवढी. कुणी तिकडे बघितलंच नव्हतं. सगळे वरून बघत होते. भाऊंनी फळी उपसून फेकली. कात्रण भसाभस बाहेर आलं, आणि दोन्ही हातांनी ते उकरत बाई आत शिरल्या. पट्ट्यांच्या टोकांनी बोटं चिरत होती. त्या पट्ट्या त्यांच्याच पुस्तकाच्या होत्या. कुठे जांभळा कडेला लागलेला, कुठे काळा.

हाताला एक टाच लागली. गरम.

भिंगरीला बाहेर काढलं तेव्हा ती ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. केसांत, कानांत, ओठांवर कागदाच्या पट्ट्या. बाईंनी बोट घालून तोंडातला लगदा काढला, नाक पुसलं, पाठीवर थोपटलं. एक खोकला आला. दुसरा आला. श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. चेहरा लालभडक, घामाने निथळणारा. डोळे मात्र टक्क उघडे.

“भिंगरी! बाळा, बोल ना! आई आहे मी, आई!”

पोर बघत राहिली. तोंड उघडेना. आई मारी हाक, सावली गप्प. लेक तिला गदागदा हलवू लागली तशी बाईंनी तिचा हात धरला. भाऊंनी पाणी आणलं. भिंगरी ते पीत राहिली, पण नजर आजीवरून हलेना. त्या नजरेत खेळ होता की भीती, की दोन्हींच्या पलीकडचं काही, ते बाईंना ओळखता येईना. आयुष्यभर पोरांचे डोळे वाचलेल्या बाईंना.

किती वेळ गेला कोण जाणे. मग भिंगरीने आईचा कुडता ओढला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मला शू लागलीय.”

लेकीने तिला छातीशी असं आवळलं, की पोर चिडून रडायला लागली. रडण्याचा तो भोंगा शेडभर झाला. इतकं सुंदर काही त्या पत्र्याखाली आजवर वाजलं नसेल. कामगार उठले. एकाने डोळे पुसले आणि धूळ गेल्याचं सांगितलं.

लेक नातीला घेऊन दवाखान्यात गेली. जाताना आईला “चल” म्हणाली नाही.

“हा माल जाणार नाही,” बाई म्हणाल्या.

भाऊंनी मान हलवली. या वेळी त्यांनी कागदाचं काही काढलं नाही. पण हळूच म्हणाले, “हा थांबवता येईल, बाई. पण पहिली आवृत्ती? ती तर घराघरांत गेलीय.”

बाहेर रद्दीवाल्याचा ट्रक येऊन उभा राहिला होता. दोन धिप्पाड माणसं चपला काढून हौदाकडे चालली होती. तुडवायला. त्यांचे रुंद तळवे बघून बाईंनी तोंड फिरवलं आणि भाऊंच्या केबिनमधला फोन पुढे ओढला.

दुकानदारांना लावला, ओळखीच्या शाळांना लावला, ताईला लावला. पुस्तक बाजूला ठेवा, पोरांना हे कडवं शिकवा, आजच शिकवा. कुणी “बरं बरं” म्हटलं, कुणाला वाटलं बाई जाहिरात करताहेत. मग त्यांनी थेट घरी पुस्तक मागवलेल्या माणसांना फोन सुरू केले. एका घरी वडिलांनी उचलला. मागे टीव्ही चालू होता.

“सावलीचं पुस्तक? हो हो, आहे ना! अहो, आमच्या चिरंजीवांचं दुसरं काही चालतच नाही. गुणी झालाय अगदी.”

“आत्ता कुठाय तो?”

“आत्ता? असेल आतच. दुपारपासून आवाज नाही बघा त्याचा.” ते हसले. “बोलावू का? थांबा हं. ए…”

“नको!” बाईंचा हात फोनवर आवळला. “हाक मारू नका. टीव्ही बंद करा. उठा, आणि स्वतः बघा. कपाटं बघा, पेट्या बघा. झाकण असेल तिथे तिथे बघा. मी फोन धरून आहे.”

पलीकडे टीव्ही बंद झाला. खुर्ची मागे सरकली. फोन टेबलावर ठेवल्याचा टक्क आवाज आला, आणि पावलं लांब गेली. एक दार उघडलं. जरा वेळाने दुसरं. पावलं आता भराभर पडत होती. तिसरं दार.

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला आणि स्वतःचा श्वास रोखून त्या ऐकत राहिल्या.